फुप्फुसाच्या फोटोतले हृदय

9 मार्च 2020 रोजी महाराष्ट्रातले पहिले करोना रुग्ण पुण्यात सापडले, नायडू रुग्णालयात दाखल झाले, आणि पुढच्या काही महिन्यांत ‘एचआरसीटी’ (फुप्फुसांचे बारकाईने काढलेले सीटी स्कॅन) हा शब्द पेठांपासून हडपसरपर्यंत घरोघरी पोचला. 25 पैकी स्कोअर किती आला, हे लोक दहावीच्या गुणांसारखे एकमेकांना विचारू लागले. सप्टेंबरात सरकारने या तपासणीचे दर बांधून दिले: यंत्राच्या क्षमतेनुसार 2,000, 2,500 किंवा 3,000 रुपये. एवढ्या पुणेकरांच्या छातीत इतक्या बारकाईने याआधी कुणी डोकावले नव्हते. डोकावणारे अर्थातच फुप्फुस शोधत होते. पण त्याच फोटोत हृदय होते, आणि ज्यांच्या हृदयधमन्यांत कॅल्शियम साठले होते त्यांच्या फोटोत ते पांढऱ्या ठिपक्यांसारखे उमटले होते. छातीचे स्कॅन कशासाठीही काढलेले असो, हे ठिपके वाचून रुग्णाला सांगितलेच पाहिजेत, असे माझे म्हणणे आहे. आणि त्याला सगळ्यात भक्कम आधार याच शहरातल्या जुन्या संशोधनाचा आहे.

हृदयविकाराच्या धोक्याची जगन्मान्य मापे आली ती 1948 साली अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम गावात सुरू झालेल्या पाहणीतून, आणि ती पाहणी मुख्यतः गोऱ्या लोकांची होती. बाहेरून घेतलेले माप आपल्याकडे किती फसवे ठरते, हे दाखवले रास्ता पेठेतल्या केईएम रुग्णालयाने. 1912 साली छोटे प्रसूतिगृह म्हणून सुरू झालेल्या या रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या बायकांची गरोदरपणाच्या आधीपासून नोंद ठेवली. त्यांची बाळे सरासरी 2.7 किलोची, तर इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची 3.5 किलोची. एवढे वजन कमी, स्नायू आणि पोटातले अवयवही लहान. चरबी मात्र त्या मानाने फारशी घटलेली नव्हती. पुढे 2004 मध्ये याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच शरीरे पुराव्यादाखल मांडली. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, 22.3. चरबी युडकिनांच्या अंगात 9.1 टक्के, याज्ञिकांच्या अंगात 21.2. इतका खोडकर आणि इतका निरुत्तर करणारा शोधनिबंध विरळाच. सडपातळ माणूस ‘मला काय धाड भरली आहे’ म्हणत असेल, तर त्याला दाखवायला याहून चांगला पुरावा नाही.

मग आत पाहायचे कसे? आर्थर ॲगॅटस्टन आणि सहकाऱ्यांनी 1990 मध्ये हृदयधमन्यांतल्या कॅल्शियमला गुण देण्याची पद्धत मांडली. 130 हाउन्सफिल्ड एककांहून दाट दिसेल ते कॅल्शियम, असा तिचा साधा नियम. कोलेस्टेरॉलच्या आकड्यावरून काय होऊ शकेल याचा अदमास बांधता येतो. कॅल्शियम हा धमनीच्या भिंतीत काय होऊन गेले याचा पुरावा असतो. यावर पहिला आक्षेप असा की हे कोष्टकही अमेरिकेचेच. आक्षेप खरा होता. 2000 साली सुरू झालेल्या ‘मेसा’ या मोठ्या पाहणीत गोरे, कृष्णवर्णीय, हिस्पॅनिक आणि चिनी वंशाचे लोक होते, भारतीय नव्हते. ती उणीव 2010 पासून ‘मसाला’ पाहणीने काही अंशी भरून काढली. सॅन फ्रान्सिस्को आणि शिकागो परिसरातल्या दक्षिण आशियाई पुरुषांत कॅल्शियमचे प्रमाण गोऱ्या पुरुषांइतकेच आणि इतर तिन्ही गटांपेक्षा जास्त आढळले.

दुसरा आक्षेप तंत्राचा आहे. हृदयासाठीचे स्कॅन ईसीजीच्या ठेक्यावर काढतात. फुप्फुसासाठीच्या स्कॅनमध्ये धडधडते हृदय थोडे पुसट येते. नेमका गुणांक त्यातून मिळणार नाही, हे मान्य. पण काहीच नाही, थोडे, मध्यम की पुष्कळ, एवढे नजरेनेही सांगता येते, आणि अशी नोंद करावी असे अमेरिकेतल्या हृदय व छातीच्या प्रतिमातज्ज्ञांच्या संघटनांनी 2016 मध्येच सुचवले होते. यातून धंदा वाढेल, धडधाकट माणसेही स्कॅनच्या रांगेत उभी राहतील, ही भीती मात्र मला रास्त वाटते. म्हणूनच मी नव्या स्कॅनची नव्हे, काढून झालेल्या स्कॅनची बाजू मांडतो आहे. त्यात ना नवा किरणोत्सर्ग, ना नवे बिल.

सगळ्यात अवघड आक्षेप तरुणांचा. आपल्याकडे हृदयविकार लवकर गाठतो, आणि धमनीत मेद साचल्यावर कॅल्शियम दिसू लागायला वर्षे जातात. तिशीतल्या माणसाचा शून्य गुणांक म्हणजे अभयपत्र नव्हे. त्या सहा गावांत जन्मलेली बाळे आज साधारण तिशीत आहेत. त्यांच्या बाबतीत स्कॅनपेक्षा रक्तातली साखर, रक्तदाब आणि तेव्हा वहीत लिहिलेले जन्माचे वजन यांवरूनच अजून जास्त कळेल.