योनिमार्गातील जिवाणू आणि गर्भस्राव

गर्भ पहिल्या तीन महिन्यांतच पडून गेला, की घरात कारणाचा शोध सुरू होतो आणि तो बहुधा त्या स्त्रीच्या खाण्यापिण्यापाशी किंवा धावपळीपाशी येऊन थांबतो. वस्तुतः अशा गर्भस्रावांपैकी निदान निम्म्यांचे मूळ गर्भाच्या गुणसूत्रांतील दोषांत असते. उरलेल्यांपैकी काहींचा संबंध योनिमार्गातील जिवाणूंशी असावा, असे संशोधकांना वाटते.

निरोगी योनिमार्गात बहुधा लॅक्टोबॅसिलस जिवाणूंचे प्राबल्य असते. जर्मन वैद्य आल्बर्ट डोडरलाइन यांनी १८९२ मध्ये त्यांचे वर्णन केले. दह्यातले काही जिवाणू याच कुळातले! त्यांनी तयार केलेल्या लॅक्टिक आम्लामुळे तेथील सामू साधारणतः ४.५ च्या खाली राहतो व उपद्रवी जिवाणूंना थारा मिळत नाही. ते घटून गार्डनेरेलासारखे जिवाणू माजले, की 'बॅक्टेरियल व्हजायनोसिस' हा विकार होतो. पातळ, करडा-पांढरा स्राव आणि मासळीसारखा वास ही त्याची लक्षणे. मात्र अनेकींना काहीच जाणवत नाही.

इंग्लंडमधील लीड्स येथे टेस्ट ट्यूब बेबीचे उपचार घेणाऱ्या ८६७ स्त्रियांच्या पाहणीत (१९९९) हा विकार असलेल्यांमध्ये गर्भस्रावाचे प्रमाण सुमारे दुप्पट आढळले. गर्भाची गुणसूत्रे निर्दोष असूनही तो पडला, अशा स्त्रियांमध्ये लॅक्टोबॅसिलसची उणीव अधिक दिसते, असे लंडनच्या संशोधकांनी २०२२ मध्ये नोंदविले. तथापि संबंध आढळला म्हणजे कारण सिद्ध झाले, असे नव्हे. फ्रान्समध्ये कमी जोखमीच्या २,८६९ गर्भवतींवर क्लिंडामायसिनची चाचणी झाली. उशिराचे गर्भपात व फार लवकर होणाऱ्या प्रसूती त्यामुळे टळल्या नाहीत, असा तिचा निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला.

महाराष्ट्रात हा विषय बोलका केला तो डॉ. राणी बंग यांनी. गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांतील ६५० स्त्रियांच्या त्यांच्या पाहणीत (१९८९) ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता. पूर्वी तपासणी झालेल्या अवघ्या ८ टक्के. भाईंदर पूर्वेच्या जेसल पार्कमधील स्त्रीला डॉक्टर गाठण्यासाठी तेवढी पायपीट पडत नाही; अंगावर पांढरे जाण्याविषयी बोलण्याचा संकोच मात्र शहरातही सुटलेला नाही.

आतून साबण वा जंतुनाशकाने धुणे टाळावे. त्याने उपकारक जिवाणूच नष्ट होतात. वास येणारा स्राव असेल, तर गर्भारपणातही डॉक्टरांच्या देखरेखीखाली मेट्रोनिडॅझोलसारखे औषध घेता येते. दुकानातून परस्पर आणून नव्हे. वारंवार गर्भ पडत असल्यास थायरॉइड, गर्भाशयाची रचना आणि पती-पत्नीची गुणसूत्रे यांची तपासणी आधी होते.