रूळ नसलेलें स्टेशन

घोड नदीकांठचें शिरूर आणि भीमेकांठचें दौंड हीं पुणे जिल्ह्यांतील शेजारच्या तालुक्यांचीं गांवें. परंतु आगगाडी दौंडला आली, शिरूरला आली नाहीं. १९१४ सालीं दौंडहून बारामतीकडे अडीच फूट रुंदीचा छोटा लोहमार्ग सुरू झाला. मुख्य मार्गाच्या रुळांतील अंतर साडेपांच फूट. म्हणून मुंबईकडून आलेला डबा त्या मार्गावर जाऊं शकत नसे आणि माल दौंडला उतरवून दुसऱ्या डब्यांत चढवावा लागे. अडचण खरी, पण उघड होती. शिरूरच्या उतारूलाही ‘तेथें आगगाडी जात नाहीं’ एवढें उत्तर पुरे. तो सडकेची वाट धरील. खोटें तिकीट हातीं पडलें, तरच त्याचा घात.

संगणकाच्या इतिहासांतही हाच प्रश्न उभा राहिला. १९८३ सालीं कॅलिफोर्नियांतील बर्कले विद्यापीठानें ४.२ बीएसडी या प्रणालींतून ‘सॉकेट’ प्रसृत केलें. सॉकेट म्हणजे दोन प्रोग्रॅममधील संभाषणाचें एक टोंक. इतरांनीं तें उचललें. एका यंत्रावर लिहिलेला प्रोग्रॅम दुसऱ्यावरही चालावा म्हणून पॉसिक्स हें प्रमाण ठरलें होतें. त्याच्या २००१ च्या आवृत्तींत सॉकेटला स्थान मिळालें. परंतु प्रमाणांत नांव आलें, म्हणून प्रत्येक प्रणालींत तें काम होतेंच असें नाहीं. मग अनेक प्रणालींची सेवा करणाऱ्या मूळ लायब्ररीनें काय करावें?

‘जीएनयू सी लायब्ररी’नें पत्करलेला मार्ग असा : दार ठेवावें, आंत कांहीं नसल्यास उणें एक हा अंक परत करावा आणि ‘ई-नो-सिस’, म्हणजे ‘हें कार्य येथें नाहीं’, अशी खूण ठेवावी. मात्र नुसतें नांव सांपडलें कीं सोय आहे असें मानणारी तपासणी येथें फसली असती. म्हणून अशा रिकाम्या दारांची यादीही लायब्ररीबरोबर देण्यांत येऊं लागली, आणि ऑटोकॉन्फ हें तपासणीचें साधन ती पाहूं लागलें.

या स्पष्टपणाचें मोल एका उदाहरणानें पटेल. २००८ सालीं लिनक्समध्यें ‘ॲक्सेप्ट-फोर’ आलें. आलेली जोडणी स्वीकारणें आणि ती नव्यानें सुरू होणाऱ्या दुसऱ्या प्रोग्रॅमच्या हातीं जाऊं नये अशी खूण तिच्यावर करणें, हीं दोन कामें तें एका दमांत करतें. जेथें तें नाहीं तेथें दोन पायऱ्यांनीं भागवितां येतें; पण मधल्या क्षणीं दुसरा प्रोग्रॅम सुरू झाला, तर जोडणी त्याच्या हातीं जाते. तींतून पेढीचे हिशेब जात असतील, तर? लायब्ररीनें गुपचूप दोन पायऱ्या करून ‘झालें’ म्हणावें, यापेक्षां तिनें ‘नाहीं’ म्हणावें हें बरें. मग प्रोग्रॅम लिहिणारा तो धोका जाणून दुसरी तजवीज करील. २०२४ सालीं ॲक्सेप्ट-फोरही पॉसिक्समध्यें दाखल झालें.

दौंडला माल उतरवितांना वेळ जाई. पण तो कोठें अडला हें सर्वांस ठाऊक असे. प्रमाण पाळणें म्हणजे सर्व कांहीं आपल्यापाशीं असणें नव्हे. जें नाहीं, तें वेळेवर नाहीं म्हणणें हाही त्याचाच भाग होय.