जुन्या ट्रकचं इंजिन रेस वर-खाली का करतं? डिझेल पुरवठ्यातला दोष शोधण्याची पद्धत



मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, पण आजचा विषय पूर्णपणे लोखंडाचा आहे. माझ्या मामाचा जुना डिझेल ट्रक आहे. आंब्याच्या सीझनमध्ये रत्नागिरीहून हापूसच्या पेट्या घेऊन तो कोल्हापूरला जातो. मागच्या सीझनला आंबा घाटात चढावर गाडी अचानक दम सोडायला लागली. पाय ॲक्सिलरेटरवर स्थिर, तरी आवाज वर जायचा, खाली यायचा. घाटात इंजिन बंद पडलं की एअर ब्रेकला हवा भरणारा कॉम्प्रेसरही थांबतो, म्हणून हा प्रकार अंगावर काढण्यासारखा नाही. गॅरेजवाल्याने सांगितलं, "पंप उतरवून पूर्ण ओव्हरहॉल करावा लागेल." म्हणजे मोठा खर्च आणि ऐन सीझनमध्ये गाडी उभी. पंपाला हात लावण्याआधी आम्ही एक रविवार मागून घेतला.

आधी यंत्रणा समजून घेऊ

जुन्या ट्रकमध्ये कॉम्प्युटर नसतो. डिझेलचा रस्ता असा आहे: टाकीतली नळी → जाळी → फीड पंप → फिल्टर → मुख्य डिझेल पंप → नोझल. जास्तीचं डिझेल रिटर्न पाइपने परत टाकीत येतं. बॉशने असे डिझेल पंप १९२७ पासून कारखान्यात बनवायला सुरुवात केली. मूळ तत्त्व आजही तेच.

यात दोन भाग वेगळे ओळखा. टाकीपासून फीड पंपापर्यंत डिझेल ओढलं जातं, तिथून पुढे ढकललं जातं. ढकलणाऱ्या बाजूला गळती असेल तर डिझेल बाहेर टिपकतं आणि दिसतं. ओढणाऱ्या बाजूला नळीतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो. त्यामुळे इंजिन चालू असताना डिझेल बाहेर येत नाही, उलट हवा आत जाते. बाहेरून सगळं कोरडं दिसतं, म्हणूनच हा दोष भल्याभल्यांना सापडत नाही.

हवा इतकी वाईट का? डिझेल जवळजवळ दबत नाही, हवा दबते. पंपाच्या प्लंजरपुढे बुडबुडा आला की सगळा जोर तो दाबण्यातच जातो, नोझल नीट उघडत नाही.

मग रेस वर-खाली का होते?

पंपाच्या मागे गव्हर्नर असतो. त्यातली वजनं फिरतात. वेग वाढला की ती बाहेर फेकली जातात आणि डिझेल कमी होतं, वेग घटला की स्प्रिंग डिझेल वाढवते. आता बुडबुडा आला, वेग पडला, गव्हर्नरने डिझेल वाढवलं. तेवढ्यात बुडबुडा निघून गेला आणि भरपूर डिझेल एकदम मिळालं. वेग उसळला, गव्हर्नरने पुन्हा कापलं. सर्व्हरच्या ऑटोस्केलिंगमध्ये सिग्नल उशिरा मिळाला तर सर्व्हर वाढत-घटत राहतात ना, अगदी तसंच. गव्हर्नर स्थिर कधी राहतो आणि झोके कधी खातो, याचं गणित मॅक्सवेलने १८६८ मध्येच मांडलं होतं.

म्हणजे झोके दिसले की दोष गव्हर्नरचाच, असं नाही. बऱ्याचदा तो बिचारा चुकीच्या पुरवठ्याला उत्तर देत असतो.

लक्षणावरून अंदाज

- आयडलिंगला ठीक, लोडवर दम नाही: फिल्टर किंवा जाळी चोक, किंवा फीड पंप कमजोर.
- बराच वेळ चालून दम सोडते, टाकीचं झाकण उघडलं की सुधारते: झाकणाचं हवेचं छिद्र बंद.
- सकाळी हॅन्ड पंप मारल्याशिवाय सुरू होत नाही: रात्रभरात कुठून तरी हवा शिरते, किंवा फीड पंपाचा व्हॉल्व्ह डिझेल धरून ठेवत नाही.
- टाकी भरलेली असताना ठीक, अर्धी झाली की त्रास: टाकीतल्या नळीला चीर.

तपासणी: स्वस्तापासून महागाकडे

१. टाकीचं झाकण सैल करून पाहा. खर्च शून्य.

२. फिल्टर आणि जाळी बदला किंवा साफ करा. तळाचं पाणी काढा.

३. फीड पंपाच्या आधी पारदर्शक, डिझेलला चालणारी नळी लावा. इंजिन चालू करून बुडबुडे दिसतात का पाहा.

४. कॅन टेस्ट. फीड पंपाची ओढणारी नळी आणि रिटर्न पाइप, दोन्ही स्वच्छ डिझेलच्या कॅनमध्ये सोडा. कॅन टाकीच्याच उंचीला ठेवा. उंच ठेवला तर डिझेल आपोआप उतरेल आणि कमजोर फीड पंपही चांगला वाटेल. इंजिन नीट चाललं तर दोष टाकीकडच्या अर्ध्यात, नाही तर पुढच्या अर्ध्यात. कोडमधला बग आपण असाच अर्धे-अर्धे करून शोधतो.

५. प्रत्येक वेळी जोड उघडल्यावर एअर काढा: फिल्टरचा एअर स्क्रू सैल करा, बुडबुड्यांशिवाय डिझेल येईपर्यंत हॅन्ड पंप मारा, स्क्रू घट्ट करा. मग मुख्य पंपावरही तेच. उघडलेल्या जोडाचे तांब्याचे वॉशर नवीन टाका.

आमचं काय निघालं?

कॅनवर इंजिन एका सुरात चाललं, म्हणजे पंप निर्दोष. मग मामाला आठवलं, "टाकी फुल असली की त्रास नाय होत रे." टाकीतली नळी बाहेर काढली, तर मधोमध गंजून बारीक चीर. डिझेल चिरेच्या खाली गेलं की हवा आत. आमच्या टाकीत नळी पुढच्या बाजूला आहे आणि चढावर डिझेल मागे सरकतं, म्हणून घाटात त्रास आधी सुरू व्हायचा. नळी बदलली, सोमवारी गाडी लाइनवर.

सावधान

चालू इंजिनवर नोझलच्या नळीची गळती बोटाने चाचपू नका. जुन्या नोझललाही साधारण २०० बार दाब असतो, ती धार कातडीत घुसते. अशी इजा लहान दिसली तरी लगेच डॉक्टरकडे जा. कॉमन रेल गाड्यांमध्ये दाब हजार बारच्या पुढे जातो, तिथे चालू इंजिनवर एकही नट सैल करू नका. तपासणी सपाट जागेवर, चाकांना लाकडं लावून करा आणि विडी-सिगारेट लांब ठेवा.

पंप खरंच खराब असू शकतो. पण तो यादीत शेवटी येतो. आणि ड्रायव्हरला आधी एक प्रश्न विचारा: "त्रास नेमका कधी होतो?" आमचं अर्धं उत्तर त्यातच होतं.