वकिलीच्या परीक्षेचीच परीक्षा! सनदेच्या पेपरची ट्रायल टेस्टिंग म्हणजे काय?

नवीन अ‍ॅप बाजारात येण्याआधी त्याचं बीटा व्हर्जन येतं हे तुम्हाला माहीतच आहे. काही लोक ते वापरतात, चुका सापडतात, त्या दुरुस्त होतात आणि मग अ‍ॅप सगळ्यांसाठी खुलं होतं. परीक्षेच्या पेपरचंही असंच बीटा टेस्टिंग करता येतं. मी वर्ध्याचा. माझ्या मित्रमंडळींत एलएलबी झालेले बरेच जण आहेत, आणि त्यांच्याकडून एकच प्रश्न सारखा येतो: "पेपरमधला प्रश्नच चुकीचा निघाला तर आमचं काय?" चला तर मग, हा विषय नीट समजून घेऊया.

आधी एआयबीई म्हणजे काय ते पाहू

एआयबीई म्हणजे ऑल इंडिया बार एक्झामिनेशन. बार कौन्सिल ऑफ इंडिया ही परीक्षा घेते. पहिली परीक्षा ६ मार्च २०११ रोजी झाली. २००९-१० या शैक्षणिक वर्षापासून पुढे पदवी घेतलेल्यांना ती लागू आहे. आपल्याकडे बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवा सनद देते, पण वकिली कायम सुरू ठेवायची तर एआयबीई पास व्हावंच लागतं. ही परीक्षा घेण्याचा बार कौन्सिलचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १० फेब्रुवारी २०२३ रोजी मान्य केला.

पेपरचं स्वरूप असं:
- १०० बहुपर्यायी प्रश्न, वेळ साडेतीन तास
- उत्तरं कागदावरच्या ओएमआर शीटवर गोल रंगवून द्यायची
- चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत
- मराठीतूनही पेपर देता येतो
- टिपा नसलेली कायद्याची पुस्तकं, म्हणजे बेअर अ‍ॅक्ट, सोबत चालतात
- पास व्हायला खुल्या आणि ओबीसी प्रवर्गाला ४५ टक्के, अनुसूचित जाती-जमातींना ४० टक्के

प्रश्न तपासतात कसा?

खरी परीक्षा होण्याआधी साधारण तशाच तयारीच्या काही मुलांना प्रश्न सोडवायला देतात. यालाच ट्रायल टेस्टिंग म्हणतात. त्यात प्रामुख्याने चार गोष्टी पाहतात.

१. प्रश्न किती सोपा, किती अवघड? समजा २०० जणांनी एक प्रश्न सोडवला. १९६ जणांचं उत्तर बरोबर आलं तर त्या प्रश्नाने काहीच तपासलं नाही. फक्त २० जणांचं बरोबर आलं तर नुसतं डोळे मिटून गोल रंगवणारेही त्यापेक्षा जास्त निघाले असते! चार पर्यायांत नशिबाने साधारण ५० जणांचं उत्तर बरोबर यायला हवं. म्हणजे प्रश्नातच गडबड आहे.

२. अभ्यास केलेला आणि न केलेला यांच्यात प्रश्न फरक करतो का? ही सगळ्यात महत्त्वाची तपासणी. एकूण पेपरमध्ये वरचे गुण घेणारी मुलं एखाद्या प्रश्नात चुकतात आणि खालचे गुण घेणारी बरोबर येतात, असं झालं की समजायचं दाल में कुछ काला है. बहुतेक वेळा उत्तरतालिका चुकलेली असते किंवा दोन पर्याय बरोबर असतात. हुशार पोरगं दोन्ही पर्यायांत अडकतं आणि नको तो निवडतं.

३. भाषांतर बरोबर आहे का? आपल्यासाठी हा मुद्दा फार मोठा आहे. कायद्याच्या मराठीत 'पुनर्विलोकन' म्हणजे रिव्ह्यू आणि 'पुनरीक्षण' म्हणजे रिव्हिजन. दिसायला जुळे भाऊ, पण प्रक्रिया वेगळ्या. रिव्ह्यूमध्ये साधारणपणे तेच न्यायालय स्वतःचा निकाल पुन्हा पाहतं, रिव्हिजनमध्ये वरचं न्यायालय खालच्याचं काम तपासतं. भाषांतर करणाऱ्याने एकाच्या जागी दुसरा शब्द टाकला, तर मराठीतून पेपर देणाऱ्याचा गुण गेला आणि इंग्रजीवाल्याचा राहिला. चाचणीत दोन्ही भाषांचे निकाल शेजारी ठेवले की हे लगेच दिसतं.

४. वेळ पुरतो का? साडेतीन तास म्हणजे २१० मिनिटं. एका प्रश्नाला दोन मिनिटं सहा सेकंद. ट्रायलमध्ये शेवटचे १५-२० प्रश्न बहुतेकांचे कोरे राहिले, तर तो पेपर कायद्याचा कमी आणि धावण्याचा जास्त झाला.

चाचणी नसली की भुर्दंड कोणाला?

परीक्षेनंतर उत्तरतालिका येते, हरकती मागवतात आणि सदोष प्रश्न रद्द होतात. समजा ७ प्रश्न रद्द झाले. मग गुण ९३ पैकी धरायचे. ९३ चे ४५ टक्के म्हणजे ४१.८५, म्हणून ४२ हवेत. हिशेब सरळ वाटतो. पण ज्याने त्या ७ प्रश्नांवर डोकं खाजवत १५-२० मिनिटं घालवली, त्याचा वेळ कोण परत देणार? आर्वीचा किंवा हिंगणघाटचा मुलगा पहाटे उठून नागपूरच्या केंद्रावर जातो. एका-दोन गुणांनी राहिला तर पुन्हा फी, पुन्हा प्रवास आणि पुढच्या परीक्षेपर्यंत थांबणं. म्हणून चूक पेपरच्या आधी सापडणं आणि नंतर सापडणं यात खूप फरक आहे.

अमेरिकेतले दोन अनुभव

कॅलिफोर्निया राज्याने फेब्रुवारी २०२५ मध्ये वकिलीची नवी परीक्षा घेतली. ती घरून किंवा केंद्रावर, पण कॉम्प्युटरवर द्यायची होती. त्याआधी नोव्हेंबर २०२४ मध्ये प्रायोगिक परीक्षाही झाली होती. तरी खऱ्या दिवशी स्क्रीन अडकल्या, लॉगिन तुटले, लिहिलेलं सेव्ह होईना. पुढे हेही बाहेर आलं की गुण मोजलेल्या १७१ बहुपर्यायी प्रश्नांपैकी २३ प्रश्न एआयच्या मदतीने तयार केले होते. शेवटी पास होण्याची गुणमर्यादा खाली आणावी लागली आणि जुलै २०२५ ला जुन्या पद्धतीच्या प्रश्नांकडे परतावं लागलं.

दुसरा अनुभव 'नेक्स्टजेन' या नव्या परीक्षेचा. तिची पहिली फेरी जुलै २०२६ ला ठरली. पण त्याआधी कित्येक वर्षं तयारी चालली: आधी लहान गटांवर पायलट चाचण्या, मग जानेवारी २०२४ मध्ये मोठी फील्ड टेस्ट आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये पूर्ण लांबीची नमुना परीक्षा. दोन्हीकडे चाचणी झाली, मग फरक कुठे? माझ्या मते फरक घाईत आहे. चाचणीत जे दिसलं ते दुरुस्त करायला वेळ ठेवला, तरच चाचणीचा उपयोग.

तुम्ही मोबाइलवर स्वतःची ट्रायल कशी घ्याल?

पेपर कसा काढायचा हे आपल्या हातात नाही, पण मॉक टेस्ट आहे. मी मित्रांना हे सांगतो:

- फोन फ्लाइट मोडवर टाका आणि २१० मिनिटांचा टायमर लावा. अर्ध्या तासाचे तुकडे करू नका.
- प्रश्न स्क्रीनवर वाचा, पण उत्तरं छापलेल्या ओएमआर शीटवर पेनाने रंगवा. हाताचा वेग तिथेच कळतो.
- अर्जात मराठी निवडणार असाल तर सरावही मराठीतूनच करा.
- अ‍ॅप जुनं आहे का ते आधी तपासा. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. खुनाच्या शिक्षेचं कलम ३०२ होतं, ते आता १०३ आहे. अ‍ॅप अजून ३०२ च बरोबर धरत असेल तर सरळ अनइन्स्टॉल करा.
- मॉक टेस्टच्या अ‍ॅपला कॉन्टॅक्ट आणि एसएमएसची परवानगी लागत नाही. मागितली तर देऊ नका.
- चुकलेल्या प्रश्नांचे तीन गट करा: माहीत नव्हतं, घाईत चुकलं, प्रश्नच संशयास्पद. तिसऱ्या गटातला प्रत्येक प्रश्न बेअर अ‍ॅक्ट उघडून पडताळा.

हा तिसरा गट टाळू नका. खरी उत्तरतालिका आली की हरकत घ्यायला मोजकेच दिवस मिळतात, आणि हरकतीसोबत कलमाचा आधार द्यावा लागतो. कलम पटकन शोधायची सवय असेल तर संशयास्पद प्रश्नावरचा तुमचा गुण तुम्ही मुदतीच्या आत मागू शकता. आणि ही सवय पुढे कोर्टातही कामी येईलच!