बंदुकीचा डावा हात

बंदुकीच्या इतिहासांत उजव्या हाताची वास्तपुस्त पुष्कळ झाली आहे. चाप त्यानें ओढला, खटका त्यानें चढविला, काडतूस त्यानें भरलें. आणि कारागिरानेंहि कुंद्याची मान व चापाचा बांक हीं त्याच्याच सोयीनें घडविलीं. डावा हात बिचारा पुढें नळीखालीं उताणा राहून हत्याराचें ओझें पेलीत आला. नेम ठरणें वा ढळणें बव्हंशीं त्याच्याकडे, तरी त्यानें कोठें आणि कसें धरावें हें त्याला विचारण्याची रीत फार उशिरापर्यंत नव्हती. हल्लीं रायफलीला लावावयाच्या पुढच्या मुठी इतक्या तऱ्हांच्या मिळतात कीं, निवड कशी करावी हाच प्रश्न होऊन बसला आहे. ही निवड पूर्वीं कोणाच्या हातीं होती, हें पाहणें आम्हांस त्याहून महत्त्वाचें वाटतें.

सोळाव्या शतकाच्या अखेरीस युरोपांतील मस्केट इतकी जड असे कीं, शिपाई ती दुबेळक्याच्या काठीवर टेकवून उडवी. ती काठी डाव्या हाताची, आणि दारू भरतांना जळता तोडाहि त्याच हाताच्या बोटांत. याकोब द गेन या डच चित्रकाराचें कवाइतीचें पुस्तक १६०७ सालीं प्रसिद्ध झालें. त्यांत एकट्या मस्केटच्या ४३ आकृत्या आहेत, आणि प्रत्येकींत डावा हात कोठें असावा हें ठरून गेलेलें आहे. यांत जुलूम होता असें आम्ही म्हणत नाहीं. पेटता तोडा हातांत आणि शेजाऱ्याच्या छातीवर दारूच्या नळ्या, अशा स्थितींत प्रत्येकानें आपापल्या सोयीनें हात हलविले असते तर शत्रूची गरजच उरली नसती. परंतु धरण्याची जागा कवाइतीनें ठरवावयाची ही संवय जी तेव्हां लागली, ती तोडा विझल्यावरहि सुटली नाहीं.

ईस्ट इंडिया कंपनीच्या पलटणींसाठीं घडविलेली ‘इंडिया पॅटर्न’ मस्केट याच मालिकेंतली. जुन्या इंग्रजी मस्केटची नळी ४६ इंचांची, पुढें ४२ इंचांची झाली. कंपनीनें ती ३९ इंचांवर आणली. नळी आंखूड झाल्यानें डाव्या बाहूचा भार अर्थातच हलका झाला. पण तिची करणी साधी आणि किंमत कमी, हेंच तिचें खरें भाग्य. फ्रान्सशीं युद्ध जुंपून बंदुकांची चणचण भासूं लागतांच १७९७ सालीं इंग्लंडच्या सैन्यानेंहि तीच पत्करली.

डाव्या हाताला प्रथम कोणीं विचारलें? शिपायानें नव्हे, हौशी नेमबाजानें. एकोणिसाव्या शतकांत जर्मनी व स्वित्झर्लंड येथील नेमबाजीच्या मंडळांत उभ्यानें लक्ष्य साधण्याच्या चढाओढी चालत. तेथें रायफलीखालीं तळहात टेकण्यासाठीं एक खालीं लोंबणारा आधार बसवूं लागले. तो वरखालीं सरकवितां येई. आपल्या बाहूच्या लांबीप्रमाणें तो लावला कीं कोंपर बरगडीस वा कमरेस टेके आणि रायफलीचें वजन स्नायूंऐवजीं हाडांवर उतरे. स्नायू थकला कीं थरथरतो. हाडाला ती खोड नाहीं. ज्याला लढावयाचें नव्हतें, ज्याला कोणी हुकूम देत नव्हतें, त्यालाच ही मोकळीक प्रथम मिळावी हें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे.

ली-एन्फील्डचें उदाहरण आमच्या वाचकांस अधिक जवळचें वाटेल, कारण ती बंगालमधील ईशापूरच्या कारखान्यांत अनेक दशकें तयार होत होती आणि मराठा पलटणींनीं ती खांद्यावर वाहिली. १९०७ सालच्या तिच्या नमुन्यांत गोळीबारानें नळी तापते म्हणून लांकडाचें वेष्टन थेट तोंडापर्यंत नेलेलें आहे. तिच्या कुंद्याचीं मापें होतीं चार: लांब, साधारण, आंखूड आणि बँटम. पहिल्या महायुद्धांत पांच फूट तीन इंचांहून बुटक्या माणसांच्या ज्या पलटणी उभारल्या, त्यांचें नांव बँटम. तेंच या सर्वांत आंखूड कुंद्यास मिळालें. प्रत्येक मापांत फरक अर्ध्या इंचाचा. खांद्याला चार मापें, पण डाव्या हाताखालच्या लांकडाला एकच! याचीं कारणें दिलीं जातील, आणि तीं खोटीं नाहींत. तें लांकूड नळीला कसें भिडतें यावर रायफलीचा नेम अवलंबून असतो. शिवाय संगीन चालवितांना मुठीपेक्षां सरळ लांकूड बरें. तथापि कारखान्याच्या आणि संगिनीच्या सोयीपुढें पंजाची सोय मागें पडली, ही गोष्ट कारणांनीं पुसली जात नाहीं.

पुढें उभी मूठ प्रसिद्धीस आली ती रायफलीवर नव्हे, टॉमसनच्या १९२१ सालच्या सबमशीनगनीवर. बोटांसाठीं खांचा पाडलेली ती लांकडी मूठ दिसावयास ऐटबाज होती. दुसऱ्या महायुद्धांत मात्र तिच्या जागीं बहुधा आडवें लांकूड आलें, आणि १९४२ सालच्या सोप्या नमुन्यांत तर तेंच कायम झालें.

व्हिएतनामच्या युद्धांतल्या अमेरिकन एम-१६ रायफलीची पुढची खोळ त्रिकोणी असे. तिचीं दोन अर्धें निरनिराळीं, एक डावें व एक उजवें. १९८३ सालीं तेथील मरीन दलानें जो सुधारलेला नमुना घेतला त्यांत खोळ गोल झाली. ती लहान हाताला बरी बसे, आणि तिचें कोणतेंहि अर्ध दुसऱ्याच्या जागीं चाले, म्हणून कोठारांत दोन जातींचे सुटे भाग ठेवण्याची यातायात संपली. या दोहोंपैकीं कोणती सोय आधीं कोणाच्या मनांत आली असेल, याविषयीं आम्हांस फारसा संशय नाहीं.

खरी मोकळीक दिली ती एका खांचेदार पट्टीनें. पिकॅटिनी या अमेरिकन शस्त्रागाराच्या नांवानें ओळखली जाणारी ही पट्टी. तिचें माप १९९५ सालीं प्रमाण म्हणून ठरलें. दिवा, दुर्बीण, मूठ, काय हवें तें तिच्यावर चढवावें आणि उतरवावें. प्रथम उभी मूठ आली, मग पुढें कललेली, मग हात अडण्यापुरता लहानसा उंचवटा.

यांतून निवडावयाचें कसें? उंच उभी मूठ जड रायफल पेलण्यास चांगली, पण पालथें निजून नेम धरतांना ती जमिनीशीं भांडते. कललेल्या मुठीवर हात पुढें जातो आणि नळीला जवळून धरतो. मूठ काडतुसांच्या पेटीजवळ बसविली तर नळीचें तोंड भटकतें. फार पुढें नेली तर खांदा लवकर शिणतो. मनगट मुरगळल्यासारखें वांकूं नये, एवढें पथ्य सर्वत्र सारखें. आणि मूठ बसविल्यावर, रायफल रिकामी आहे याची दोनदां खात्री करून, ती सुरक्षित दिशेला रोखून डोळे मिटून खांद्याला लावावी, दोन श्वास घ्यावे, मग डोळे उघडावे. नेम लक्ष्याच्या बाजूला गेला असेल तर तो हाताच्या जोरानें ओढून आणूं नये. मूठ बोटभर सरकवावी, पाय थोडे फिरवावे आणि पुन्हां डोळे मिटावे.