गारांचा हिशोब

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

२०१४ सालच्या मार्च महिन्यातली गोष्ट. होळीचे दिवस जवळ आलेले. पिंपळनेरच्या शिवारात उन्हाळ कांदा काढणीला टेकलेला, गहू पिवळा पडलेला, हरभरा खळ्यावर येऊन पडलेला. दुपारी सेलबारीच्या डोंगरावर काळं आभाळ दाटलं, वारा अचानक गार झाला आणि पत्र्यावर कुणी खडी ओतावी तसा आवाज सुरू झाला. पंधरा-वीस मिनिटांचा खेळ. आभाळ मोकळं झालं तेव्हा बांधापासून बांधापर्यंत पांढरी चादर पसरली होती. शाळेतली पोरं ओंजळीत गारा घेऊन नाचत होती, कुणी मोबाइलवर फोटो काढत होतं. ‘आपल्या गावाचं काश्मीर झालं,’ असं जो तो म्हणत होता.

माझ्या शेजारचे जिभाऊ मात्र कांद्याच्या वाफ्यात उकिडवे बसले होते. पात चिरून जमिनीला चिकटली होती. पात मोडली की मानेतून पाणी आत शिरतं आणि तो कांदा चाळीत टिकत नाही, सडतो. चार महिन्यांची मेहनत होती. माझ्याकडे पाहून ते एवढंच म्हणाले, ‘आते काय करानं?’

आता काय करायचं, हा प्रश्न जुना आहे. आभाळातून बर्फ पडला आणि पीक गेलं, तर ते नुकसान कोणाचं? एकट्या शेतकऱ्याचं, देवाचं, गावाचं, की सरकारचं? निरनिराळ्या काळात माणसांनी याचं निरनिराळं उत्तर दिलं. त्या उत्तरांचा इतिहास आज थोडक्यात पाहू.

आधी एक गैरसमज दूर करू. आपल्याकडे पडतं ते हिम नव्हे. हिम पडायला जमिनीजवळची हवाच गोठणबिंदूच्या आसपास असावी लागते. गारपीट नेमकी त्याच्या उलट परिस्थितीत होते. मार्च-एप्रिलमध्ये जमीन तापते आणि तापलेली हवा वर उसळते. खाली समुद्रावरून आलेली बाष्पाची हवा असते. वर, चार-पाच किलोमीटर उंचीवर, उत्तरेकडून आलेली थंड, कोरडी हवा असते. या दोन्हींची गाठ पडली की ढग उभे वाढत जातात. त्या ढगात पाण्याचा थेंब वर ओढला जातो, गोठतो, खाली येताना पुन्हा पाणी अंगावर घेतो, पुन्हा गोठतो. गार मधोमध कापली तर कांद्यासारखे पापुद्रे दिसतात, ते यामुळेच. वर जाणाऱ्या वाऱ्याला तिचं वजन पेलेनासं झालं की ती खाली सुटते. डोंगराच्या उतारावर हवा आपोआप वर ढकलली जाते, त्यामुळे सह्याद्रीच्या पायथ्याच्या गावांना हा धोका थोडा अधिक.

तेव्हा मार्चमधली गार ही काही सृष्टीची उलथापालथ नाही. महाराष्ट्रात गारपिटीचा हंगामच मुळी मार्च-एप्रिलचा. २०१४ साली जे विलक्षण होतं, ते तिचं चिवटपण आणि तिचा विस्तार. फेब्रुवारीच्या अखेरच्या आठवड्यापासून मार्चच्या मध्यापर्यंत, जवळपास तीन आठवडे, राज्याच्या बहुतेक भागांत कुठे ना कुठे गारा पडत राहिल्या. लाखो हेक्टरवरची रब्बी पिकं आणि फळबागा गेल्या. २०२३च्या मार्चमध्येही साक्री तालुक्यातली काही शिवारं अशीच पांढरी झाली होती.

खऱ्या थंडीचीही आपल्याला ओळख आहे. खानदेश म्हटलं की लोकांना ऊन आठवतं, पण समुद्रापासून दूर असलेला हा कोरडा मुलूख जसा तापतो तसाच निवतोही. सातपुड्यात डाब, वालंब्याकडे कडाक्याच्या थंडीत पहाटे गवतावरचं दव गोठून पांढरं झालेलं दिसतं. उत्तरेची थंडी किती वेगाने दक्षिणेत उतरते, याचा एक नमुना हवामान खात्याच्या नोंदींत आहे. १६ जानेवारी १९३५ रोजी दिल्लीत पारा उणे ०.६ अंशांवर गेला आणि दुसऱ्याच दिवशी, १७ जानेवारीला, पुण्यात तो १.७ अंशांवर उतरला. दोन्ही त्या त्या शहरांचे नीचांक म्हणून आजही सांगितले जातात. अशा रात्री केळीच्या बागेत शेतकरी झोपत नाही. बांधावर ओला पालापाचोळा पेटवून धूर करायचा, विहिरीचं कोमट पाणी बागेला द्यायचं, हे उपाय त्याला ठाऊक असतात. थंडीशी असं थोडंफार झुंजता येतं, कारण ती सांगून येते. गार सांगून येत नाही.

गार माणसांनाही सोडत नाही. ३० एप्रिल १८८८ रोजी उत्तर प्रदेशातल्या मुरादाबादजवळ झालेल्या गारपिटीत २४६ माणसं दगावली. गारपिटीतली जगातली सर्वांत मोठी ज्ञात जीवितहानी म्हणून जागतिक हवामान संघटनेने २०१७ साली तिची नोंद केली. आपलं हवामान खातं १८७५ साली स्थापन झालं होतं, तरी तेव्हा अशा वादळाची आगाऊ सूचना देणं कुणालाच शक्य नव्हतं. मग शेतकरी कोणावर विसंबत होता?

त्याचं एक उत्तर शेजारच्या वऱ्हाड-नागपुरात सापडतं. तिथल्या गावगाड्यात ‘गारपगारी’ नावाचा एक माणूस असे. गावावर येणारी गार वळवणं, हे त्याचं काम. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी १९१६ साली प्रसिद्ध केलेल्या मध्य प्रांतातील जाती-जमातींवरच्या ग्रंथात त्याचं वर्णन आहे. हे लोक मूळचे नाथजोगी. आभाळ काळं-तांबूस झालं की गारपगारी मारुतीपुढे जाऊन उभा राही. आधी विनवणी करी. ढग हटले नाहीत तर अंगावरचे कपडे फेकून देई आणि देवालाच जीव देण्याची धमकी देई. कधी बायकापोरांनाही देवापुढे उभं करी. पूर्वी तो स्वतःला जखमा करून घेई, पुढे बोटातून थोडं रक्त काढण्यावर भागू लागलं, असंही हा ग्रंथ सांगतो. या कामाबद्दल गावकरी त्याला पिकातला वाटा देत.

आपण हसतो. पण हसण्याआधी थोडं थांबावं. गार कुठल्या शेतावर पडेल हे कुणालाच माहीत नसताना सारा गाव थोडं थोडं धान्य बाजूला काढतो आणि ते संकटासाठी खर्ची घालतो, या व्यवस्थेत एक सामूहिक जाणीव होती. तिची उणीव एवढीच, की ते धान्य ज्याचं पीक गेलं त्याच्या घरी न जाता गारपगाऱ्याच्या घरी जाई. विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच लोकांचा विश्वास उडत चालला होता आणि वाटा बंद पडत होता. काम गेलं, नाव राहिलं. महाराष्ट्राच्या भटक्या जमातींच्या यादीत गारपगारी आजही आहेत.

अंधश्रद्धा ही काही आपलीच मिरास नव्हे. त्याच सुमारास, १८९६ साली, ऑस्ट्रियात आल्बर्ट श्टीगर नावाच्या द्राक्षबागायतदाराने ढगांवर आवाजाचा बार काढणारी तोफ उभी केली. योगायोगाने त्या वर्षी त्याच्या भागात गार कमी पडली आणि बघता बघता ऑस्ट्रिया-इटलीत अशा हजारो तोफा बसल्या. त्यांच्यासाठी आंतरराष्ट्रीय परिषदा भरल्या. शेवटी दोन्ही सरकारांनी रीतसर चाचण्या घेतल्या, तेव्हा तोफा रोखलेल्या शिवारांतही गारा पडल्याच. आपला गारपगारी देवाला धमकावत होता, त्यांचा बागायतदार ढगाला. फळ सारखंच.

इकडे इंग्रजी राज्यात शेतकऱ्याचा संबंध थेट सरकारशी आला. रयतवारी पद्धतीत सारा साधारण तीस वर्षांसाठी रोख ठरवला जाई. तो ठरवताना चांगल्या-वाईट वर्षांची सरासरी धरलेली आहे, तेव्हा वाईट वर्षी सूट मागू नये, अशी त्यामागची भूमिका. कागदावर हे बिनतोड दिसतं. पण चांगल्या वर्षीची शिल्लक सावकाराच्या वहीत गेलेली असे, वाईट वर्षासाठी ती उरणार कुठून? खानदेशातल्या शेतकऱ्यांचा या मोजणीवर विश्वास नव्हताच. १८५२ साली सावदा, यावल, एरंडोल भागात त्यांनी मोजणीविरुद्ध उठाव केला होता. पुढे १८८३ आणि १८८४च्या कायद्यांनी तगाई आली. तगाई म्हणजे सरकारी कर्ज, भरपाई नव्हे. गारेने नेलेलं पीक परत येत नसे आणि वर तगाईचा हप्ता उभा राही. पिंपळनेर हे तेव्हा तालुक्याचं नाव होतं, १९०६ साली खानदेशाचे दोन भाग झाल्यावर पश्चिम खानदेशातलं. या कागदांवर इथल्या किती शेतकऱ्यांचे अंगठे उठले असतील!

स्वातंत्र्यानंतर प्रश्नाला नवी दिशा देणारा माणूस महाराष्ट्रातलाच. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतले वि. म. दांडेकर. प्रत्येक शेतकऱ्याचं नुकसान वेगळं मोजत बसणं अशक्य आहे, खर्चिक आहे आणि त्यात लबाडीला वाव आहे, हे त्यांनी १९७०च्या दशकात मांडलं. एका भागातल्या पिकाचं सरासरी उत्पन्न काढावं, ते ठरावीक पातळीच्या खाली गेलं तर त्या भागातल्या सर्व विमाधारकांना भरपाई मिळावी, ही त्यांची सूचना. १९७९ची प्रायोगिक योजना आणि १९८५ची सर्वंकष पीक विमा योजना याच विचारावर उभी राहिली. गावाने एकत्र येऊन संकट वाटून घेणं, हे गारपगाऱ्याच्या काळातलं तत्त्व इथे परत आलं, आणि या वेळी धान्य योग्य घरी जाणार होतं.

दुष्काळासाठी ही पद्धत चोख. दुष्काळ साऱ्या तालुक्याला सारखाच झोडपतो. गारेचं तसं नाही. ती पट्ट्याने पडते. ओढ्याच्या या काठावर कांदा भुईसपाट आणि पलीकडच्या काठावर गहू जसाच्या तसा डोलतोय, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. मग मंडळाची सरासरी काढली की ती चांगली येते आणि जिभाऊंचा कांदा त्या सरासरीत गाडला जातो. सरासरी खोटं बोलत नाही, पण ती जिभाऊंच्या शेतात कधी गेलेलीही नसते.

२०१४च्या गारपिटीने हे सारं उघडं पाडलं. त्यातच ५ मार्चला लोकसभा निवडणुकीची आचारसंहिता लागली आणि मदतीच्या निर्णयासाठी निवडणूक आयोगाकडे पाहावं लागलं. पिकाचं नुकसान निम्म्याहून अधिक असेल तरच मदत, हा तेव्हाचा निकष. पंचेचाळीस टक्के गेलेला शेतकरी त्यात बसत नव्हता. २०१५ साली केंद्राने ही मर्यादा ३३ टक्क्यांवर आणली. २०१६ साली आलेल्या प्रधानमंत्री पीक विमा योजनेत गारपिटीसारख्या स्थानिक आपत्तीत एकेका शेताचं नुकसान वेगळं पाहण्याची तरतूद झाली. अट एकच होती, नुकसान झाल्यापासून ठरावीक तासांच्या आत कळवायचं; पुढे ही मुदत ७२ तासांची झाली.

बहात्तर तास म्हणजे तीन दिवस. ऐकायला पुष्कळ वाटतात. पण वादळात वीज गेलेली, फोन लागत नाही, डोंगरातल्या पाड्यावरून खाली यायला अर्धा दिवस. आणि कळवायचं तरी कोणाच्या नावाने? आमच्या पिंपळनेरच्या पश्चिमेला डोंगरउतारांवर कितीतरी आदिवासी कुटुंबं वनजमीन कसतात. २००६च्या वनहक्क कायद्याने काहींना पट्टे मिळाले, काहींचे दावे रेंगाळले. दुसऱ्याची जमीन बटईने करणारे वेगळेच. सातबाऱ्यावर ज्याचं नाव नाही त्याच्या शेतात गार पडलेली पंचनाम्यात बहुधा दिसत नाही. गार माणसाचं नाव विचारून पडत नाही, नाव विचारतो तो कागद.

गारपगाऱ्यापासून पीक विम्यापर्यंतच्या या वाटेवर आपण नक्कीच पुढे आलो आहोत. आज रडारवर ढग दिसतो, काही तास आधी मोबाइलवर इशारा येतो. द्राक्ष-डाळिंबाच्या बागांवर ज्याला परवडते तो जाळी टाकतो. कांद्यावर, गव्हावर मात्र जाळी टाकता येत नाही. तिथे एकच छत्र चालतं, ते म्हणजे नुकसान वाटून घेण्याचं. ते छत्र सर्वांत लहान शेतकऱ्याच्या, सातबारा नसलेल्या कसणाऱ्याच्या डोक्यावर येईल, तेव्हाच गारांचा हिशोब पुरा झाला म्हणता येईल.

त्या दिवशी पोरांच्या ओंजळीतल्या गारा पाच मिनिटांत वितळल्या. जिभाऊंनी मात्र पुढची दोन वर्षं त्या गारांचं कर्ज फेडलं.