रेड हिल: टेकडीच्या पोटातील तेलसाठा

हवाई बेटांपैकी ओआहूवर, होनोलुलूजवळच्या रेड हिल टेकडीत अमेरिकी नौदलाने 1940 ते 1943 दरम्यान इंधनाच्या 20 टाक्या बांधल्या. प्रत्येक टाकी सुमारे 250 फूट उंच आणि 100 फूट व्यासाची. आत पोलादी पत्रा, बाहेर काँक्रीट. एका टाकीत सव्वा कोटी गॅलन इंधन मावे. हवाई हल्ल्यापासून साठा सुरक्षित राहावा, हा हेतू होता.

टेकडीच्या वरच्या थरात तांबडी माती असली, तरी टाक्यांभोवती लाव्हारसाच्या थरांचा भेगाळ, सच्छिद्र बेसॉल्ट आहे. टाक्यांच्या तळाखाली जेमतेम 100 फुटांवर गोड्या भूजलाचा साठा आहे. अशा खडकात सांडलेले इंधन एकसारखे पसरत नाही. भेगा सापडतील तसे खाली झिरपते. काही भाग खडकात अडकतो, काही पाण्यावर तरंगतो आणि त्यातील बेंझीनसारखे घटक थोड्या प्रमाणात विरघळतात. म्हणून निरीक्षण विहिरींतील नमुने वारंवार तपासावे लागतात.

2014 मध्ये 5 क्रमांकाच्या टाकीतून सुमारे 27 हजार गॅलन इंधन गळले. नोव्हेंबर 2021 मध्ये बोगद्यातील नळ फुटून गळालेले इंधन नौदलाच्या पाणीयोजनेच्या विहिरीत पोहोचले. या पाणीयोजनेवर सुमारे 93 हजार लोक अवलंबून होते. होनोलुलूच्या पाणीपुरवठा मंडळाने खबरदारी म्हणून जवळची हलावा विहीर बंद ठेवली. मार्च 2022 मध्ये साठा कायमचा बंद करण्याचा आदेश निघाला आणि ऑक्टोबर 2023 पासून टाक्या रिकाम्या करण्यात आल्या.